कौसल्येची केस

रविवार, ८ मार्च १९८१

आज इतवारीतून ही दोनशे पानी वही आणली. होमिओपथीच्या ग्रंथात स्पष्ट म्हटलं आहे की अवघड रोग्याची रोजची टिपणं ठेवावीत, आठवणीवर विसंबू नये. बारा वर्षं दर रविवारी तांडापेठेतल्या आमच्या ओसरीवर मी लोकांना गोळ्या देतो आहे, पण वही ठेवावी असा रोगी भेटला नव्हता. आता भेटला, तोही घरातच. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं.

रोगी म्हणजे माझी पत्नी, सौ. कौसल्या, वय त्रेचाळीस. दीड वर्ष झालं, ती घरात असून नसल्यासारखी आहे. वरणात मीठ विसरते, नाहीतर दोनदा घालते. दुपारभर माझ्या वडिलांच्या रिकाम्या मागापाशी बसून राहते. बोलत नाही, रडत नाही, जेव म्हटलं तर दोन घास खाते. धंतोलीच्या डॉ. अरुंधतीबाई मनाच्या रोगांवर उपचार करतात. त्यांच्या गोळ्या आठ महिन्यांपासून चालू आहेत. त्या गोळ्यांनी झोप लागते हे मी मान्य करतो. पण तोंड कोरडं पडतं, हात थरथरतो, आणि कौसल्या होती तिथेच आहे. बाईंनी डोक्याला तेल लावून घ्यायला सांगितलं, म्हणून शेजारच्या बायजाबाई दर मंगळवारी-शनिवारी येऊन मालीश करून जातात. बायजाबाई बाळंतिणींची मालीश करतात, हात चांगला आहे, तोंड त्याहून चालतं.

मी डॉक्टर नव्हे, पोस्टात डाक लावणारा कारकून. कोष्ट्याच्या पोराने माग सोडून पोस्ट धरलं आणि पोस्ट सांभाळून हे शास्त्र शिकलं, एवढंच. पण लोकांचा दमा आणि खरूज बरी करणाऱ्याला स्वतःची बायको बरी करता येऊ नये, ही नामुष्की आहे. मला पूर्वीची कौसल्या परत पाहिजे. हे कोणापाशी बोलता येत नाही म्हणून इथे लिहितो.

मंगळवार, १० मार्च

केस घ्यायला सुरुवात केली. केस घेणं म्हणजे नाडी पाहून मोकळं होणं नव्हे. रोग्याला शंभर प्रश्न विचारायचे आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपायचं. संध्याकाळी सहा ते सात तिला पाटावर बसवलं, मी वही घेऊन समोर.

आधी ती गोंधळली. "हे काय इचारून राहिले तुम्ही?" म्हणाली. मी म्हटलं, "रोगी समज स्वतःले. मी तुहा नवरा नाही आता."

ऊन सोसतं का? नाही, कपाळ ठणकतं. मीठ? स्वयंपाक करताना चिमूटभर जिभेवर ठेवते, लहानपणापासून. भीती कशाची? रिकाम्या हंड्याची. आवडतं काय? पाणी. खाप्याला माहेरी असताना कन्हान नदीत पोहायची म्हणे, पार पलीकडच्या काठापर्यंत. चोवीस वर्षं संसार झाला, बायकोला पोहता येतं हे मला आज कळलं.

शेवटी विचारलं, हे कधीपासून?

"पुष्पी गेली तवापासून."

मी लिहिलं: अंदाजे दीड वर्ष. कारण अज्ञात.

शनिवार, १४ मार्च

पुढे कधी ही वही वाचताना घोटाळा नको म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आमची मुलगी पुष्पलता हिने एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर कोर्टात लग्न केलं. मुलगा सुखदेव रामटेके, कारखान्यात फिटर, बौद्ध समाजाचा. मला जातीपातीचं काही नाही. पण आमच्या कोष्टी समाजात माझं एक नाव आहे, आणि मला न विचारता, न सांगता? दारातच तिला सांगितलं की पुन्हा या उंबऱ्याशी आलीस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. ती गेली. हा विषय या घरात संपला.

तिची पत्रं येतात, आईच्या नावे, निळी अंतर्देशीय. पाठीवर कळमेश्वरचा पत्ता असतो. डाक मीच लावतो, त्यामुळे पोस्टमनच्या हाती जाण्याआधी ती मी बाजूला काढतो, लाल पेन्सिलीने 'घेण्यास नकार' लिहितो आणि परतीच्या थैलीत टाकतो. उघडत नाही. दुसऱ्याचं पत्र उघडणं गुन्हा आहे, आणि मी आजवर नोकरीत एक डाग लागू दिलेला नाही. आजही एक आलं होतं, परत गेलं. कौसल्येच्या नाजूक मनाला असला धक्का झेपणार नाही. जखमेवरची खपली काढू नये, हे कुठलंही शास्त्र सांगेल.

रविवार, २९ मार्च

इग्नेशिया हे उदासीवरचं औषध दोनशेच्या मात्रेत दिलं. एकोणीस संध्याकाळी केस घेतली, अकरा पानं भरली. आणि काय फरक! परवा तिने आपणहून विचारलं, "आज इचारनार नाही का?" काल मी भीतीच्या यादीत "भूत, अंधार, चोर, पाहुणे" वाचलं तर "पाहुणे" ऐकून ती हसली. दीड वर्षात पहिल्यांदा हसली. मी वही बाजूला ठेवून तिच्याकडे नुसता पाहत राहिलो. वजनही वाढलं असावं, बांगड्या खाली सरकत नाहीत.

एका मात्रेचा हा गुण. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

रविवार, १२ एप्रिल

केस पूर्ण झाली, विचारायचं काही उरलं नाही. तेव्हा संध्याकाळची बैठक बंद केली आणि मूळ प्रकृतीवरचं औषध काढलं: नॅट्रम म्यूर. ते मिठापासूनच बनतं आणि ग्रंथातलं वर्णन कौसल्येला तंतोतंत लागू पडतं. दुःख आत ठेवणारी, मीठ आवडणारी, उन्हाने डोकं दुखणारी. एक लक्षण महत्त्वाचं: सांत्वन केल्यास वाढते. म्हणजे समजूत घालायची नाही, जवळ बसून पाठीवरून हात फिरवायचा नाही. मी सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे मी आणि बायजाबाई.

दुसरं, हे औषध नाजूक असतं, उग्र वासाने मरतं. बायजाबाईंच्या तेलात कापूर असतो, म्हणून मालीश बंद केली. अरुंधतीबाईंच्या गोळ्याही आजपासून बंद. दोन तलवारी एका म्यानात राहत नाहीत. बाईंना कळवलं नाही, उगाच वाद कशाला?

बायजाबाई रागावल्या. म्हणाल्या, "गोपाळभाऊ, कापराच्या वासानं मरतात तुमच्या गोळ्या, तं त्याईच्यात जीव तरी केवढा असन गा?" शास्त्र आणि अडाणीपणा यांचं हे असं आहे. मी हसून सोडून दिलं.

रविवार, १७ मे

बरेच दिवस लिहिणं झालं नाही, कारण सवड नाही. कौसल्या बरी झाल्याचं बायजाबाईंनीच गल्लीभर सांगितलं होतं, ते पार इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीपर्यंत गेलं. आज बेचाळीस रोगी आले. भांडणं नकोत म्हणून पुठ्ठ्याचे नंबर केले. ओसरीवर बाक टाकला. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं: येथे कोणाची जात विचारली जात नाही.

इंदोऱ्याचा लहानू नावाचा रेल्वेतला गँगमन ते वाचून म्हणाला, "साहेब, तुमच्या घरी लोट्यानं पानी भेटते आमाले. गोळीपेक्षा हेच मोठं हाये." ऐकून ऊर भरून आला. बापूजींनी आणि बाबासाहेबांनी जे सांगितलं ते काही माणसं आचरणात आणतात, एवढंच म्हणेन. त्याला पाणी कौसल्येनेच आणून दिलं होतं. तो "जय भीम, बाई" म्हणाला आणि ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

आता रोज संध्याकाळीही लोक येतात. माझ्या नोकरीत आणि या सेवेत दिवस कसा जातो कळत नाही.

बुधवार, १० जून

कौसल्येचं जेवण पुन्हा कमी झालं आहे. चार दिवस आंघोळ नाही. पहाटेच उठून मागाच्या खोलीत जाते. काल लोटा हातात घेऊन दारात अर्धा तास उभी होती, का उभी आहे सांगता आलं नाही.

नवखा माणूस घाबरला असता. पण ग्रंथात म्हटलंच आहे की औषध अचूक लागलं की आधी रोग उसळतो. दिवा विझताना मोठा होतो तसं. याला वाढ म्हणतात, आणि वाढ हे शुभचिन्ह. मला तर समाधान वाटलं. धीर धरून मात्रा दोनशेवरून हजारावर नेली.

बायजाबाई म्हणाल्या, "बाई सुकून राहिली अन् तुम्ही वाढ म्हनून राहिले." त्यांना समजावण्यात अर्थ नाही.

रविवार, ५ जुलै

आज एक गमतीचा प्रकार घडला. गमतीचा म्हणजे, लोक हसले म्हणून.

सकाळपासून रांग होती. मी मान खाली घालून लिहीत असतो, नंबर पुकारतो, माणूस समोरच्या स्टुलावर बसतो. "तेवीस" म्हटलं. कोणी बसलं. मी विचारलं, "काय होतं?" उत्तर नाही. "कधीपासून?" उत्तर नाही. वर पाहिलं तर कौसल्या. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, हातात तेवीस नंबरचा पुठ्ठा. बाकावर दीड तास रांगेत बसली होती म्हणे.

मी म्हटलं, "अवं, चहा ठेव ना तू. इथं काय करून राहिली?"

लोक हसले. मीही हसलो. ती उठली, पुठ्ठा परत टेबलावर ठेवला आणि आत गेली. चहा आला नाही. मी बाहेरूनच मागवला.

रांगेत बसायची कल्पना तिला कशी सुचली असेल? डोक्यात भ्रम होऊ लागला असेल तर औषध बदलावं लागेल. ग्रंथ पाहिला पाहिजे.

गुरुवार, १६ जुलै

आज पुन्हा पत्र. या आठवड्यातलं हे दुसरं. एरवी महिन्यातून एखादं येतं. माझ्याबरोबर डाक लावणारा ओमप्रकाश पाहत होता. म्हणाला, "निमजेजी, बेटी की चिट्ठी है. एक बार खोल के तो देख लो." मी त्याला म्हटलं, तू तुझी थैली बघ.

लाल पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. ब्लेडने तासून लिहिलं.

घरी आल्यावर कौसल्येने विचारलं, "काई आलं का?" हे ती रोज विचारते, गेलं दीड वर्ष, मी चप्पल काढत असताना. मी रोज नाही म्हणतो. इतक्या वेळा एकच प्रश्न विचारणं हेही लक्षणच आहे. पूर्वी लिहायचं राहून गेलं, आज नोंदवतो.

रविवार, ३० ऑगस्ट

आजचं आजच लिहून ठेवतो.

आज पोळ्याचा पाडवा, मारबतीचा दिवस. इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापीडा वाहून नेणारे भलेमोठे पुतळे, रथावर निघतात आणि शेवटी जाळले जातात; लाखभर माणूस लोटतं. माझ्याकडे तरीही रांग होतीच, म्हणून मी गेलो नाही. कौसल्या कधी घराबाहेर पडली मला कळलं नाही. बारा वाजता बायजाबाई धावत आल्या. पदर नाही, चप्पल नाही. "गोपाळभाऊ, उठा! तुमच्या गोळ्या जाऊ द्या चुलीत!"

त्यांनी सांगितलं ते असं. काळ्या मारबतीसमोर पोट्टे नेहमीप्रमाणे ओरडत होते: रोगराई घेऊन जाय गे मारबत, इडापीडा घेऊन जाय गे मारबत. कौसल्या गर्दी सारत पुढे गेली. रथाचा दोर धरला आणि ओरडू लागली, "मले घेऊन जाय गे मारबत! मलेच घेऊन जाय!" लोकांना आधी वाटलं बाई मजेत ओरडते आहे. ढोलवाले तिच्याभोवती नाचले. मग ती रथाच्या चाकापुढे आडवी झाली. ओढणाऱ्यांनी पाय रोवून रथ थांबवला, एका हाताचं अंतर होतं. बायजाबाईंनी आणि एका अनोळखी माणसाने तिला उचलून बाजूला आणलं. तो माणूस लहानू. इंदोऱ्याचा.

मी पोचलो तेव्हा ती एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. कोपर सोलवटलं होतं. बायजाबाईंनी तिला छातीशी धरलं होतं आणि पाठीवरून हात फिरवत होत्या. सांत्वन करू नये हे माझ्या ओठांवर आलं. बोललो नाही. देवाची कृपा की बोललो नाही.

ती आता झोपली आहे. बायजाबाई उशाशी आहेत. मी घाबरलो आहे.

मंगळवार, १ सप्टेंबर

अरुंधतीबाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळ्या कोणी बंद केल्या?" मी म्हटलं, मी. वाढ, मात्रा, कापूर, सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही, त्यामुळे माझं मलाच ऐकू येत होतं.

मग म्हणाल्या, "निमजे, तुमच्या साखरेच्या गोळ्यांशी माझं भांडण नाही. द्या. तेल लावा, संध्याकाळी पायी फिरवा, देवळात बसवा, त्याने माणसाला बरं वाटतं. पण हे सगळं माझ्या औषधाच्या जोडीला. त्याच्या जागी नाही. परवा तुमची बायको गेली असती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. नव्याने गोळ्या लिहून दिल्या, सध्या हिला एकटं सोडायचं नाही म्हणाल्या.

मग त्यांनी कौसल्येला विचारलं, हे कधीपासून वाटतं?

ती म्हणाली, "पोट्टी गेली तवापासून. गेली त्याचं नाही बाई. जाऊ दे, सुखी राहो. पन एक चिट्ठी नाही टाकली तिनं. यायले रोज इचारतो, काई आलं का. जित्ती हाये का मेली तेवढं तरी लिवावं माणसानं. मायले इतकं इसरते का कोनी?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.

मी सांगणार होतो. पण बाहेर पाच-सहा रोगी खोळंबले होते.

शनिवार, १९ सप्टेंबर

रविवारचा दवाखाना बंद केला. बाक आत घेतला. चार लोक कुरकुरले, दोन दुसरीकडे गेले. गरज सरो, वैद्य मरो.

कौसल्या सकाळ-संध्याकाळ गोळी घेते. बायजाबाई पुन्हा मालीश करतात, कापूर घालून. काल नाईक तलावापर्यंत पायी गेलो. ती बोलत नाही, पण चालते.

मी एक ठरवलं आहे. आता पुष्पाचं पत्र आलं की परत करायचं नाही. घरी आणायचं आणि कौसल्येच्या हातात द्यायचं, बघ, आलं म्हणून. ती समजेल की पहिलंच आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला काही कळायचं कारण नाही आणि सगळं गोड होईल.

तीन आठवडे रोज थैलीतलं प्रत्येक पत्र उलटून पाहतो. निळं काही दिसलं की हात थबकतो. जुलैपासून कळमेश्वरहून एकही पत्र आलेलं नाही. आज ओमप्रकाशने आपणहून म्हटलं, "आज भी नहीं आयी." त्याला कसं कळलं कोण जाणे.

रविवार, २७ सप्टेंबर

कळमेश्वरला जाऊन आलो. बायजाबाईंना कौसल्येपाशी बसवलं आणि तिला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. पत्ता विसरणं शक्य नव्हतं. कारखान्यांच्या अलीकडे चाळवजा घरं आहेत, त्यात तिसरं.

दार सुखदेवने उघडलं. त्याला मी प्रथमच नीट पाहिलं. किरकोळ अंगाचा, चष्मा लावलेला मुलगा. "या," म्हणाला, खुर्ची पुढे केली, तांब्याभर पाणी आणलं. मी ते प्यायलो.

पुष्पा आतून आली. मला पाहताच उंबऱ्यातच थांबली. "आई गेली का?"

नाही म्हटलं. आहे. आजारी आहे. मग खाटेजवळ पाळण्यासारख्या टांगलेल्या झोळीत काही हललं आणि रडू लागलं. पुष्पाने बाळाला उचललं. मुलगी आहे. जुलैच्या चौदा तारखेची.

"दोन पत्रं टाकली मी एका हप्त्यात," ती म्हणाली. "पयलं, दवाखान्यात जाऊन राहिली, ये म्हनून. दुसरं, पोरगी झाली म्हनून. यायनं लिवलं ते, मी पडल्या-पडल्या सांगितलं. पयली बाळंतपणं मायच्या घरी होतात ना, बाबा? मी तं फक्त ये म्हटलं होतं. दोन्ही वापस आली. मंग नाही लिवलं. आईलेच नको असन तं कायले?"

"तिला नको नव्हतं. तिला माहीतच नाही."

"तुमचं अक्षर वळखतो मी. पन मले वाटलं, आई बाजूले उभी राहून सांगत असन, लिवा म्हनून."

मी म्हटलं, "ती रोज विचारते, पत्र आलं का. मी नाही म्हणतो."

सुखदेव उठून बाहेर जाऊन उभा राहिला. पुष्पा बाळाला थोपटत होती. मी बाळाकडे हात केला नाही. माझा काय हक्क?

"मले सांगून काय फायदा," ती शेवटी म्हणाली. "तिले सांगा. तुमच्या तोंडानं. मी पत्र धाडून तुमाले वाचवत नाही आता."

रविवार, ४ ऑक्टोबर

सहा दिवस टाळलं. आज सकाळी बायजाबाई तेल लावून गेल्यावर, कौसल्या वेणी घालत होती तेव्हा सांगितलं. जिथे केस घ्यायला बसायचो तिथेच बसलो, पण वही घेतली नाही. तिची पोरगी जिवंत आहे, कळमेश्वरला आहे, तिला मुलगी झाली आहे. ती पत्र टाकत होती. मी परत करत होतो.

ती ओरडली असती तर मला चाललं असतं. तिने वेणी पूर्ण केली, गाठ मारली.

"किती?"

"अठरा."

"काय लिवलं होतं त्याईच्यात?"

"उघडली नाहीत मी."

"एकही नाही?"

मी मान हलवली. या प्रश्नाचं उत्तर देताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात वाटली नाही. निदान वाचली असती तर आज तिला ओळ न ओळ सांगता आली असती. मी ते नियम म्हणून केलं नाही, आणि तो नियम पाळल्याचा मला अभिमान होता.

ती म्हणाली, "मले वाटे, माह्यातच काई वाईट असन. पोटच्या पोरीनं टाकलं म्हंजे काई तं असनच. डोक्यात दिवसभर तेच फिरे." मग वेणी पाठीवर टाकत, "तुम्ही मले इचारलं होतं, भीती कायची वाटते. तवा मी हंडा म्हटलं. हे नाही म्हटलं."

उठली. ट्रंकेतून दोन लुगडी काढली, एक जुनं मऊ धोतर फाडून चार दुपटी केली. डॉक्टरांच्या गोळ्यांची पुडी पिशवीत घातली, ते मी पाहिलं. पत्ता कागदावर लिहून मागितला. मी लिहून दिला, माझ्या अक्षरात. ती तो कागद उलटसुलट पाहत राहिली आणि मग ब्लाउजमध्ये ठेवला.

मी म्हटलं, "मी येतो सोबत. तुला एकटीला सोडू नये म्हणाल्या आहेत बाई."

"बायजाबाई येते." आणि मग शांतपणे, "तुमाले तिनं बलावलं का?"

बलावलं नव्हतं.

एस.टी. स्टँडपर्यंत पिशवी मी धरली. दोघींना पुढची जागा मिळाली. कौसल्या खिडकीशी बसली होती, पण पाहत होती समोर, रस्त्याकडे. बायजाबाईंनीच खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाऊ, घरी दोन घास करून खाजा. येवढं जमन ना?" हो म्हटलं. गाडी सुटली.

घरी येऊन रिकाम्या ओसरीवर बसलो आहे. शेजारच्या यमुताई विचारून गेल्या, कौसल्या कधी येते म्हणाली? बारा वर्षं लोकांना शंभर शंभर प्रश्न विचारले. हा एक तिला विचारायची माझी छाती झाली नाही. ती येणार नाही म्हणाली असती तर ते ऐकावं लागलं असतं. यमुताईंना म्हटलं, विचारलं नाही.